एकोणीस स्टुलांची संस्था

५ फेब्रुवारी

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

तुझं परिपत्रक आणि सगळ्या शाखांनी लावायच्या लोगोची फाइल मोबाईलवर आली. तिथे मी हात जोडल्याचं चित्र पाठवून सुटका करून घेतली. पण नीट भांडायचं असेल तर कागदच लागतो, म्हणून हे पत्र.

परिपत्रक लक्षपूर्वक वाचलं. सूत्रग्रंथात शोभेल असा मजकूर आहे. 'लोगो ताणू नये. रंग बदलू नये. तिरका करू नये. सावली देऊ नये. शेजारी अन्य मजकूर लिहू नये.' निषेधावर निषेध, विधी एकही नाही. अगं, धर्मशास्त्रातसुद्धा माणसाला मधूनमधून काहीतरी करायची परवानगी असते.

तुझी अडचण मला कळते. तू नकाशे काढणारी बाई. तुमच्या कचेरीत नदी केसभर इकडची तिकडे सरकली तर दोन गावांत काठ्या निघतात. पण आपली संस्था म्हणजे नकाशा नव्हे. ज्याचं कोणी नाही अशा आजाऱ्याशेजारी जाऊन बसणारी आपण माणसं. नाव 'सोबत'. बसायला लागतं स्टूल, म्हणून मोठ्या बाईंनी संस्था काढली तेव्हा खूण म्हणून एक आडवी रेघ ओढली, ती खाट, आणि तिच्याशेजारी काढलं तीन पायांचं स्टूल. आणि दंडक घातला, की नवी शाखा निघाली की तिथल्या पहिल्या स्वयंसेवकाने ही खूण स्वतःच्या हाताने काढायची. इथली खूण मी काढली आहे. खाली एक ओळही घातली: साहचर्यमेव भेषजम्. सोबत हेच औषध. ओळ माझी आहे, आंघोळ करताना सुचली, आणि अंगाला साबण तसाच ठेवून मी ती लिहून काढली होती. आता तुझ्या फाइलपायी ती पुसायची?

शाळेच्या सुट्टीत मी तुला शब्दरूपं पाठ करायला लावायचो, त्याचा हा सूड असावा असा मला संशय आहे. तेव्हाही तू द्विवचन आलं की पाणी प्यायला उठायचीस.

तेव्हा तुझी फाइल जपून ठेवली आहे. लावणार नाही.

आमचे शिंपीकाका तुमच्या शहरात पोटाच्या ऑपरेशनला येऊन गेले. शाखेच्या कागदावर मीच त्यांना पत्र दिलं होतं. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली म्हणे. डॉक्टर आणि शिंपी दोघेही पुढची तारीख देण्यात पटाईत, त्यामुळे त्यांना काही वाटलं नसेल.

मावशीला नमस्कार सांग.

तुझा दादा


१३ फेब्रुवारी

ती. दादास नमस्कार.

तू जपून ठेवलेली फाइल जपण्यासाठी नाही.

मी परवा कचेरीतून लवकर निघाले आणि आपल्या सगळ्या शाखांच्या वेबसाइट एकापाठोपाठ एक उघडून बसले. एकोणीस शाखा, एकोणीस स्टुलं. एका शाखेने स्टुलावर उशी ठेवली आहे. एकीने स्टूल काढून आरामखुर्ची टाकली, कारण विचारलं तर म्हणे पाहुण्याला स्टूल देणं बरं दिसत नाही. एका ठिकाणी चित्र आडवं ताणून ताणून इतकं लांबवलंय की त्या बाकावर अख्खं वऱ्हाड बसेल. एकाचं स्टूल गुलाबी आहे. एकाचं गरगर फिरतं, ते पाहून मलाच सलाईन लावावंसं वाटलं. आणि सुताराच्या शाखेचं स्टूल चार पायांचं आहे, मध्ये आडव्या पट्ट्या, वर खिळ्यांच्या टोप्यासुद्धा काढल्यात. त्यांचा शाखाप्रमुख स्वतः सुतार. त्याचं म्हणणं, पट्टी नसलेलं तीन पायांचं स्टूल उभं राहूच शकत नाही, आणि पडणाऱ्या स्टुलाखाली तो आपलं नाव लावणार नाही.

हे सगळं मीही हसून सोडून दिलं असतं. पण इथल्या मोठ्या रुग्णालयात गेल्या महिन्यात काय झालं ते ऐक. कसल्याशा बाटल्या विकणारी काही माणसं स्वयंसेवकाचे बिल्ले लावून वॉर्डात शिरली. तेव्हापासून प्रवेशाच्या टेबलावरचा माणूस रुग्णाकडचं पत्र आणि येणाऱ्याचा बिल्ला शेजारी शेजारी ठेवतो, दोन्हीकडच्या वेबसाइट उघडतो आणि ताडून पाहतो. बाहेरगावच्या एका रुग्णाचं ऑपरेशन होतं. त्याच्या पत्रावरची खूण एक, आमच्या स्वयंसेविकेच्या बिल्ल्यावरची दुसरी. टेबलावरच्या माणसाने अगदी सभ्यपणे सांगितलं, या दोन वेगळ्या संस्था आहेत. ती खालीच राहिली. वर रुग्णाने ऑपरेशन नको म्हणून सांगितलं.

मी रुग्णालयाच्या व्यवस्थापिका बाईंना भेटले. त्या कडक आहेत, पण कान देऊन ऐकतात. त्यांच्या व्यवस्थापनाखालची रुग्णालयं आपल्या बहुतेक शाखांच्या गावांत आहेत. त्यांनी तोडगा सांगितला: एकतीस मार्चला तुमच्या सगळ्या शाखांच्या वेबसाइट माझ्यासमोर उघडा. सगळीकडे एकच खूण दिसली तर आमच्या सगळ्या रुग्णालयांत तुमचा बिल्ला चालेल. एक जरी वेगळी निघाली तर कुठेच नाही.

त्या रुग्णाला चार एप्रिलची नवी तारीख मिळाली आहे. त्यापुढे ढकलणं बरं नाही असं डॉक्टर म्हणतात.

आता सांग, मी सूड घेतेय?

द्विवचन मला अजूनही येत नाही. मला सध्या एकवचन हवंय.

छोटी


२२ फेब्रुवारी

चि. छोटीस आशीर्वाद.

शेवटचं वाक्य छान जमलंय. शाळेत असं लिहिलं असतंस तर पास झाली असतीस.

तुझं म्हणणं मी आमच्या कार्यकारिणीपुढे ठेवलं. कार्यकारिणी म्हणजे मी, औषधाच्या दुकानातल्या बाई आणि निवृत्त पोस्टमन. पोस्टमन म्हणाले, पत्त्यावर नाव नीट असलं की पाकिटाचा रंग कोण बघतो. मी त्यांना दुजोरा दिला. औषधवाल्या बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर त्या एरवी चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागणाऱ्यांसाठी राखून ठेवतात.

माझा मुद्दा असा की रूपं वेगळी असली तरी तत्त्व एकच असतं. मातीची भांडी अनेक, माती एक. हा विचार काही मी शोधलेला नाही. त्याच्यावर ग्रंथांचे ग्रंथ आहेत, आणि ते लिहिणाऱ्यांनी

२३ फेब्रुवारी

काल वाक्य अर्धं टाकून उठलो, कारण पँट आणायला शिंप्याकडे जायचं होतं. आता ते वाक्य पुरं करण्यात अर्थ नाही.

शिंपीकाका मशीनवर वाकून बसले होते, एक हात पोटाशी. मी सहज विचारलं, पुढची तारीख कधीची. म्हणाले, चार एप्रिल. छोटी, तुझ्या पत्रातली तारीख मी आदल्याच रात्री पुन्हा वाचली होती. मी समोरच्या बाकावर बसलो आणि त्यांना सगळं सांगायला लावलं.

डॉक्टरांनी तारीख दिली नव्हती. काकांनीच ऑपरेशन नाकारलं होतं. त्यांना रुग्णालयाचे कपडे घालून झाले होते. सोबतच्या बाई आता येतील म्हणून त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं, तर बाई फाटकाशी उभ्या. काखेत एक लांब नळी, नकाशाची असते तशी. वर बघून हात करत होत्या, काहीतरी सांगत होत्या, पण काचेपलीकडचं कसं ऐकू येणार. काका म्हणाले, बाई बराच वेळ उभ्या होत्या, ऊन अंगावर आलं तरी हलल्या नाहीत.

मी विचारलं, पण नाही का म्हणालात? त्यांनी दोरा दाताने तोडला आणि म्हणाले, "गुरुजी, भूल देताना कोणी नसलं तरी चालतं हो. परत येताना मात्र कोणीतरी बसलेलं असावं."

नकाशाची नळी काखेत घेऊन हिंडणारी बाई मला एकच माहीत आहे. 'आमची स्वयंसेविका' म्हणे. आणि तिला ज्या पत्राने अडवलं त्याच्या माथ्यावर माझं स्टूल होतं आणि खाली माझी ओळ. सोबत हेच औषध म्हणून लिहिलेल्या कागदाने सोबतच अडवली. असा विनोद मला स्वतःला कधी सुचला नसता.

घरी येताना विचार करत होतो. वेदमंत्रांची संथा देताना एखाद्या पोराने एक स्वर जरी पदरचा घातला तरी मी त्याला पहिल्यापासून म्हणायला लावतो. त्याचा स्वर गोड असला तरीही. म्हणून तर हजारो वर्षं ते शब्द लिहिल्याशिवाय जसेच्या तसे टिकले. हे मी वर्गात छातीठोकपणे सांगतो. आणि एका स्टुलाच्या बाबतीत तेवढा धीर मला धरवला नाही.

औषधवाल्या बाईंच्या मुलीकडून आमच्या वेबसाइटवरची खूण काल संध्याकाळी उतरवली. तुझी फाइल लावली. कागदांचा जुना गठ्ठा बाजूला काढला.

आता कोण कोण अडून बसलंय त्यांची नावं कळव.

दादा


४ मार्च

ती. दादास नमस्कार.

शिंपीकाकांची नजर भारी आहे. कापड मापायची सवय, दुसरं काय.

मी लपवलं, कारण तुला सांगितलं असतं तर तू कळवळून फाइल लावली असतीस, आणि मग जन्मभर मला वाटलं असतं की मी तुला पटवलं नाही, नुसतं रडवलं. आता ते तुझं तूच शोधून काढलंस, तर माझा नाइलाज आहे.

हो, उभी होते. टेबलावरच्या माणसाचा राग येत नव्हता. तो बिचारा पुन्हा पुन्हा दोन्ही चित्रं माझ्याकडे वळवून दाखवत होता, जणू मी म्हणाले असते की नाही हो, एकच आहेत, तर त्याने सोडलं असतं. मला म्हणवेना. मी नकाशे काढते, दादा. दोन वेगळ्या रेघांना एक म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आता हिशेब असा. निम्म्याहून जास्त शाखांनी फाइल लावली. आरामखुर्चीवाल्यांनी जरा कुरकुर केली, पण लावली. फिरणारं स्टूल थांबलं. उरलेल्या साऱ्या एकाच गोष्टीवर अडल्यात: मोठ्या बाईंचा दंडक. खूण हाताने काढायची, असं त्यांनी सांगितलंय, मग फाइल कशी लावायची? आणि मोठ्या बाईंना विचारायला जायची कोणाची छाती नाही. त्या आता कोणाला भेटत नाहीत म्हणे. मी पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही.

सुतार तर दंडक मागे घेतला तरी ऐकणार नाही. त्याचं भांडण स्टुलाशीच आहे. त्याच्या नादी लागू नकोस. तो भेटायला आलेल्या माणसाला रंधा मारायला बसवतो असं ऐकलंय.

छोटी


१९ मार्च

दादा,

माझ्या पत्राला उत्तर नाही. फोन बंद. शाळेत फोन केला तर म्हणाले गुरुजी रजेवर आहेत, कुठे गेले माहीत नाही, परीक्षेचे पेपर मात्र आधीच काढून ठेवलेत. मावशी मला रोज विचारते, भांडलात का.

रागावलास का? ती ओळ तुला किती लाडकी होती ते मला ठाऊक आहे. मी तिच्याबद्दल चकार शब्द काढला नाही, हे मला आता खुपतंय. ओळ चांगली होती. संस्कृतात नापास झालेल्या माणसालाही ती कळली, यातच सगळं आलं.

शिवाय तुमच्या वेबसाइटवर फाइल लावली आहे ती एवढी मोठी, की पानावर फक्त तीन पाय दिसतात. फर्निचरचं दुकान वाटतं. तेही तू रागाच्या भरात केलंस असं मला वाटू लागलंय.

अजून सहा शाखा अडून आहेत. व्यवस्थापिका बाईंनी काल निरोप पाठवून एकतीसची आठवण केली. शिंपीकाका मला फोन करून विचारतात, बाई, होईल ना? मी हो म्हणते. किती दिवस म्हणू?

कुठे आहेस ते तरी कळव.

छोटी


२५ मार्च

चि. छोटीस सुताराच्या कारखान्यातून आशीर्वाद. कागदावर भुसा दिसेल, झटकून वाच.

रागावलो नव्हतो. फोन पहिल्याच मुक्कामी पाण्याच्या पिंपात पडला. तो वाळवायला ज्यांच्याकडे दिला ते अजून वाळवतायत. आणि तुझ्या निषेधांच्या यादीत 'फार मोठा करू नये' असं कुठेच नव्हतं. पुढच्या आवृत्तीत घाल.

तू म्हणालीस ना, मोठ्या बाईंकडे जायची कोणाची छाती नाही? माझीही नव्हती. पण छाती नसली तरी रजा शिल्लक होती. त्या भाचीकडे राहतात, तिसऱ्या मजल्यावर. भेटत नाहीत हे खोटं आहे. त्यांच्या दाराची घंटाच बिघडली आहे. मी दार वाजवलं आणि त्यांनी उघडलं.

भाचीच्या संगणकावर मी त्यांना एकेक करून सगळ्या शाखांची जुनी चित्रं दाखवली. तू मागे जमवून पाठवली होतीस तीच. प्रत्येक चित्रावर विचारायच्या, ही कोणाची संस्था? मी म्हणायचो, आपली. पुढचं चित्र. ही? आपलीच. आरामखुर्ची पाहून म्हणाल्या, हा कोण बसणार, अध्यक्ष? माझं चित्र आलं तेव्हा चष्मा पुढे करून ओळ वाचली, अर्थ विचारला, मी सांगितला. म्हणाल्या, ओळ बरी आहे, पण आजाऱ्याने स्टुलाकडे बघायचं की वाचत बसायचं? ओळ कोणाची ते मी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहून चहा टाकायला भाचीला सांगितलं.

मग मी दंडकाचं विचारलं. हाताने काढायची, हे का ठरवलंत? मी मनात उत्तर तयार ठेवलं होतं. हाताचा स्पर्श, प्रत्येकाचा वेगळा जीव, असं काहीतरी येणार, आणि मग त्याच्यावर तोड काढावी लागणार. म्हणाल्या, "अरे, छापायला पैसे कुठे होते? आणि स्टूल काढलं, कारण मला खुर्ची काढता येत नाही."

यावर भाष्य लिहिण्याची माझी पात्रता नाही.

तिथेच त्यांनी चार ओळींचं पत्र लिहिलं: दाराबाहेरच्या पाटीवर हाताने काढलेली खूण राहू द्या, ती तुमची आहे. वेबसाइटवर, कागदावर आणि बिल्ल्यावर सगळ्यांनी एकच लावा, ती आजाऱ्याची आहे. हे पत्र घेऊन मी अडलेल्या शाखा फिरलो. वादच झाला नाही. एका ठिकाणी तर पत्र डोक्याला लावून मग वाचलं.

राहिला सुतार. त्याने पत्र वाचलं, नीट घडी केली आणि म्हणाला, बाईंचा शब्द मान्य. पण बाई सुतार नाहीत. असं स्टूल मी गिऱ्हाईकाला दिलं तर गिऱ्हाईक मला त्याच्यावर बसवून पाडेल. पट्टी नाही, पाय फाकणार.

मी म्हटलं, करून बघा. पडलं तर तुमच्या शाखेचं चार पायांचं स्टूल सगळ्यांना लावायला मी छोटीला सांगतो. उभं राहिलं तर तुम्ही तिचं लावायचं. (हो, तुला न विचारता पैज लावली. पडलं असतं तर काय, याचा विचार मी पैज लावल्यावर केला, आणि तो विचार फार वाईट होता.)

तुझी फाइल मोठी छापून त्याने भिंतीवर चिकटवली. पायांचा कोन मोजला. तोंडाने पुटपुटत होता, पण काम मात्र नीट करत होता. पैज जिंकायची म्हणून मुद्दाम वाईट बनवणं त्याला जमलं नाही. मला रंधा मारायला बसवलं, ही अफवा खरी आहे. दुसऱ्या दिवशी स्टूल तयार झालं. भिंतीवरचं चित्र उचलून जमिनीवर ठेवावं तसं हुबेहूब.

बसायला त्याने आपल्या मेव्हण्याला बोलावलं. मेव्हणे म्हणजे देह काय सांगू, ते दारातून आत आले तेव्हा खोलीत थोडा अंधार झाला. सगळे कारागीर हातातलं काम टाकून जमले. मेव्हण्यांनी आधी एक हात टेकला, मग बसले. कुठेतरी लाकूड कुईं करून वाजलं. सुताराच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागलं. आणि मग काहीच झालं नाही. मेव्हणे बसून राहिले. चहा आला, तो प्यायले. पुढे झुकले, मागे रेलले, एकदा पाय वर घेऊन मांडी घालायचा प्रयत्नही केला. शेवटी म्हणाले, मला आवडलं हे, घरी नेऊ का?

सुतार गुडघ्यांवर बसून खालून सांधे पाहत राहिला. मग उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "माझ्या हातचं आहे म्हणून टिकलं." मी म्हटलं, अर्थातच. मग त्याने पुतणीला हाक मारली आणि म्हणाला, लाव ती फाइल.

छोटी, मी आयुष्यात बरेच शास्त्रार्थ ऐकले. कोणी हरल्यावर त्यातून बसण्यालायक काही निघालेलं मी पाहिलं नव्हतं.

आता सगळ्या एकोणीस झाल्या. तुझ्या व्यवस्थापिका बाईंना म्हणावं, या.

दादा


१ एप्रिल

ती. दादास नमस्कार. तारखेवर जाऊ नकोस, लिहितेय ते खरं आहे.

व्यवस्थापिका बाईंनी सभेच्या खोलीत मोठा पडदा लावून घेतला. त्या, त्यांचे दोन अधिकारी, आणि माझ्या विनंतीवरून प्रवेशाच्या टेबलावरचा तो माणूस. ताडून पाहायचं त्यालाच असतं, तर त्यालाच पटलं पाहिजे.

एकोणीस खिडक्या मी पडद्यावर ओळीने लावल्या. एक वेबसाइट उघडेचना, चक्र नुसतं फिरत राहिलं. नेमकी तुमची. तीन पाय तेवढे आधी उमटले आणि एक अधिकारी म्हणाले, हे वेगळं दिसतंय. मग बाकीचं पान उतरलं. औषधवाल्या बाईंच्या मुलीने आकार कधीच नीट करून ठेवला होता. तिला माझ्यातर्फे काहीतरी गोड दे.

पडदा भरला, दादा. खाट आणि स्टूल, खाट आणि स्टूल, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तोच निळा रंग, तेच तीन पाय, भोवती तेवढीच मोकळी जागा. सुताराच्या पानावर मेव्हण्यांचा स्टुलावर बसलेला फोटो आहे, पण लोगोपासून नियमाएवढा लांब. त्याने फुटपट्टी लावून मोजला असणार. इतकी वर्षं मी नकाशे काढतेय, पण तुकडे शेजारी ठेवल्यावर सगळ्या कडा अशा जुळून आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

टेबलावरचा माणूस पडद्याजवळ गेला. एकेक खिडकी पाहत, बोट लावत शेवटपर्यंत गेला. परत आला आणि मला विचारलं, "बाई, यातली मुख्य कचेरी कुठली?"

मी म्हटलं, तुम्हीच ओळखा. त्याने पुन्हा पाहिलं, मान हलवली, म्हणाला नाही ओळखता येत. व्यवस्थापिका बाई हसल्या. पहिल्यांदाच पाहिलं त्यांना हसताना. त्यांनी तिथल्या तिथे सही केली. सगळ्या रुग्णालयांत आपला बिल्ला चालेल, आजपासून.

मी बाहेर आले आणि जिन्यात जाऊन बसले. रडले असं लिहीत नाही. पण नळीतला नकाशा जरा ओला झाला.

सगळ्या शाखांना निरोप गेले आहेत. सुताराने उत्तर पाठवलं: 'कळलं. स्टुलांची ऑर्डर घेणे चालू आहे.'

चार तारखेला तू येतोस ना? शिंपीकाकांशेजारी तू बसावंस असं मला वाटतं. ही जीत तुझी आहे.

छोटी


३ एप्रिल

चि. छोटीस आशीर्वाद.

हे पत्र शिंपीकाकांच्याच हाती पाठवतो आहे. नवीन कागद आहे, माथ्यावरची खूण बघ. खाली काहीही लिहिलेलं नाही. जागा मोकळी सोडणं इतकं अवघड असतं याची मला कल्पना नव्हती.

मी येत नाही. कारणं दोन. एक, मी शेजारी बसलो तर बोलल्याशिवाय राहणार नाही, आणि भुलीतून उठणाऱ्या माणसाने सर्वप्रथम माझं व्याख्यान ऐकावं इतका काकांचा गुन्हा नाही. दुसरं कारण तुलाही माहीत आहे. फाटकाशी ज्याला उभं राहावं लागलं, वर जायचं त्यानेच.

जिंकल्याचं म्हणशील, तर कालपासून मी वर्गात विनाकारण हसतो आहे. पोरांना वाटतंय परीक्षा सोपी येणार. त्यांना तसं वाटू दे.

काका आज दुपारच्या गाडीने निघतील. त्यांना गाडीत बसवायला आम्ही सगळी कार्यकारिणी जातो आहोत. पोस्टमननी त्यांची पिशवी धरायचं ठरवलंय.

दादा


४ एप्रिल, वॉर्डातून

दादा,

घाईत लिहितेय, मांडीवर कागद ठेवून.

सकाळी टेबलाशी गेले. काकांचं पत्र तिथे होतं, मी बिल्ला शेजारी ठेवला. त्या माणसाने दोन्हींकडे पाहिलं. संगणकाला हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, "चौथा मजला. लिफ्ट डावीकडे." मी तरीही क्षणभर तिथेच उभी. तो म्हणाला, जा ना बाई, वाट बघतायत.

काका आत जाताना शांत होते. माझ्या बाहीची शिवण उसवलीय एवढं सांगितलं आणि गेले. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर स्वतः बाहेर येऊन सांगून गेले.

त्यांना आणून खाटेवर ठेवलं. मी शेजारी बसले. इथलं स्टूल लोखंडी आहे आणि एका बाजूला डुलतं. सुताराला कळवायला हवं. बराच वेळ काही नाही, नुसता श्वास. मग पापण्या हलल्या. डोळे उघडले, छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. तिथून खाली, फाटकाच्या दिशेने. मग मान हळूच इकडे वळवली आणि मी दिसले.

म्हणाले, "बाई, तुम्ही आत कशा आलात?"

मी म्हटलं, "दारातून."

त्यांनी तेवढं ऐकलं आणि पुन्हा डोळे मिटले. आता झोपलेत. मी बसले आहे.

छोटी